निळ्या खोलीतली रफू

“टेकवू नका रे, जमिनीला टेकवू नका,” असं काकू पुन्हा म्हणाल्या, तेव्हा शिडीवरचा सुतार खाली न बघताच म्हणाला, “काकू, तुम्हीच या ना वर. मी खाली उभा राहून ओरडतो. ते काम सोपं दिसतंय.”

पडदा खांद्यावर पेलून उभे असलेले दोघे गडी हसले. काकू हसल्या नाहीत. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली धरावा तसा त्यांनी पडद्याच्या खालच्या काठाखाली हात धरला होता, आणि वरची कडी दांडीत अडकेपर्यंत तो काढला नाही. कापड जुनं होतं. एखादा हिसका बसला असता, तर वर्षभराचं काम जिथल्या तिथे फाटलं असतं.

हा शेवटचा पडदा. तो लागला आणि निळ्या खोलीच्या सगळ्या खिडक्या पुन्हा एकदा झाकल्या गेल्या.

गावाबाहेर, दुतर्फा झाडं असलेल्या रस्त्याच्या टोकाला हे घर होतं. लोक त्याला थोरलं घर म्हणायचे. घराण्यात कुणी उरलं नाही, तेव्हा लोकांना बघायला खुलं करायचं म्हणून एका संस्थेनं ते बागेसकट ताब्यात घेतलं. आधी गळकं छप्पर दुरुस्त झालं, मग खिडक्या, मग भिंती. सगळ्यात शेवटी कापडाची पाळी आली आणि तेव्हा कुणीतरी काकूंचं नाव सुचवलं. काकूंच्या यजमानांचं शिलाईचं दुकान होतं. कोटाला सिगारेटचं भोक पडलेली माणसं तिथे यायची, यजमान कोट आत पाठवायचे आणि चार दिवसांनी गिऱ्हाईकासमोर टेबलावर पसरून म्हणायचे, शोधा आता. गिऱ्हाईक कोट उजेडाला धरायचं, उलटा करायचं, चष्मा चढवायचं. पडद्यामागे काकू कान देऊन उभ्या असायच्या. बाहेरून “नाही बुवा सापडत” असं ऐकू आलं की त्या दिवसाचं चीज व्हायचं. यजमान गेले, दुकान गेलं, पण ते वाक्य काकूंच्या कानात घर करून होतं.

म्हणूनच या घराचं काम बघणाऱ्या ताईंशी त्यांचं पहिल्याच आठवड्यात वाजलं होतं. ताई तरुण होत्या, जुन्या वस्तू कशा जपायच्या याचंच शिक्षण घेऊन आल्या होत्या, आणि बोलायला गोड होत्या. त्यामुळे त्यांच्याशी भांडणं फार अवघड जायचं.

“लांबून दिसायला नको, काकू. पण जवळ येऊन बघणाऱ्याला कळलं पाहिजे, जुनं कुठे संपलं आणि आपण कुठून सुरू केलं ते. नाहीतर ती फसवणूक होते.”

“दिसली तर ती रफू कसली? मग ठिगळच लावते की. गोणपाटाचं लावू?”

“ठिगळ नाही हो. फक्त एक छटा वेगळी घ्या.”

“बरं,” काकू म्हणाल्या होत्या. घरातल्या माणसांना काकूंच्या ‘बरं’चा अर्थ माहीत होता. ताईंना नव्हता.

त्या ‘बरं’नंतर काकूंनी वर्षभर ताईंचं एक अक्षर ऐकलं नाही. जुन्या धुलाईघरात, दिव्यावर पिवळा कागद लावून त्या बसायच्या, कारण रेशमाला जास्त उजेड सोसत नाही. पडदा गुंडाळलेला, फक्त वीतभर उघडा. धागा मात्र त्या दिव्याखाली कधीच निवडायच्या नाहीत. सकाळी रिळांची पेटी घेऊन बागेत, तळ्याकाठच्या बाकावर जायच्या. तिथे झाडाच्या सावलीत थेट ऊन नसतं आणि रंग खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. पेटीत निळे धागे होते, पुढच्या कामाचे जांभळेही होते. रेशमाचा एक सुटलेला तंतू बोटावर ठेवून त्या एकेक रीळ त्याच्या शेजारी लावून बघायच्या आणि तंतू रिळात विरघळून दिसेनासा झाला की तेच घ्यायच्या. एक छटा वेगळी वगैरे काही नाही. अगदी तोच रंग.

आता सुतार शिडी काढत होता, तेव्हा ताई आल्या. आधी दारात उभ्या राहिल्या. मग सावकाश खिडकीपाशी गेल्या, आणि कापडापासून बोटभर अंतर ठेवून वरपासून खालपर्यंत हात फिरवत आल्या. काकू श्वास रोखून उभ्या होत्या. आता ताई म्हणणार, सापडत नाही. मग काय व्हायचं ते होऊ दे.

“काकू,” ताई वळून म्हणाल्या, “तुम्ही माझं ऐकलंत.”

काकूंना काही उमगलं नाही.

“दारातून काही म्हणजे काही कळत नाही. आणि इथे आलं की बरोबर दिसतं. जांभळ्याकडे झुकणारा धागा घेतलात. मला नसतं सुचलं हे.”

“काकूंनी ऐकलं?” सुतार म्हणाला. “कुणाचं तरी?”

“पुढच्या आठवड्यात संस्थेची मंडळी येणार आहेत,” ताई म्हणाल्या. “त्यांना हे तुम्हीच समजावून सांगा. आणि मग चंदवा काढू. तो तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही मी.”

चंदवा म्हणजे वरच्या मजल्यावरच्या पलंगावर टांगायचं कापडी छत. वेली, पानं, पानाआडून डोकावणारे पक्षी, सगळं सुईचं काम. काकूंनी तो एकदाच पाहिला होता, कपाटातून काढून पुन्हा गुंडाळून ठेवताना. त्यानंतर वर्षभर त्या निळ्या पडद्यांवर झुकलेल्या असल्या, तरी मन त्या कपाटापाशी होतं. सूनबाईला त्यांनी त्या पक्ष्यांचं वर्णन इतक्यांदा केलं होतं, की ती म्हणायची, आई, आता त्यांना दाणे टाकायचे तेवढे राहिलेत.

पण त्या दिवशी काकूंना चंदव्याचा आनंद झालाच नाही. जांभळ्याकडे झुकणारा, हे शब्द त्यांना कुसळासारखे टोचत होते. टोमणा म्हणावा तर ताई टोमणे मारणाऱ्यांतल्या नव्हत्या. तीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सवयीनं बागेत गेल्या. माळी निळ्या खोलीच्या खिडक्यांखालच्या वाफ्यात उकिडवा बसून तण काढत होता. यजमानांचा जुना दोस्त. यजमानांच्या माघारीही तो त्यांना वहिनीच म्हणायचा. जेवणघरात या बागेचं एक जुनं तैलचित्र होतं, त्यावरून त्यानं सगळे वाफे पुन्हा आखले होते. चित्रात या खिडक्यांखाली फुलांचे दोन पट्टे होते, पुढे निळा आणि मागे जांभळा. दोन वर्षं बी रुजलं नव्हतं. यंदा फुलं आली होती, आणि माळी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ती दाखवत होता.

“या वहिनी. तुम्हीच राहिला होतात बघायच्या.”

काकूंनी बघितलं. त्यांना चेष्टा करायची लहर आली. कालपासून डोक्यात जे घोळत होतं ते झटकायलाही बरं.

“भावजी, तोंड वर करून सांगत सुटलात, पण दुसरा पट्टा कुठाय?”

“म्हणजे?”

“चित्रात दोन रंग आहेत. तुम्ही एकाच रंगाचं बी दोन्हीकडे पेरलंत. घाईत पुड्या उलटसुलट झाल्या असतील. म्हातारपण आलं की व्हायचंच.”

माळी हसला. मग त्यानं काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. पुढच्या पट्ट्यातलं एक फूल आणि मागचं एक, अशी दोन त्यानं खुडली आणि काकूंच्या तळहातावर ठेवली. वाफ्यातलं एक पान तुटलं तरी कळवळणारा माणूस तो.

“नीट बघा बरं.”

काकूंनी नीट बघितलं. एक किंचित मोठं होतं. त्याच्या पाकळीची कड दुमडलेली होती. रंग दोन्हीचा एकच होता, पावसाळी आभाळासारखा, मळकट निळा.

“सारखीच तर आहेत,” त्या म्हणाल्या.

नको तेव्हाही बोलत राहणारा माळी नुसता हातातली माती झाडत राहिला. हातात माती नव्हतीच. काकूंना समजायला तेवढं पुरेसं होतं.

“कधीपासून असेल हो?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत वहिनी. तुम्ही रोज त्या बाकावर बसायचात. मी लांबून बघायचो. वाटायचं, काय बारकाईनं बघते ही बाई.”

काकू तशाच घरात गेल्या. निळ्या खोलीच्या खिडक्यांच्या झडपा लावलेल्या होत्या. त्यांनी एक उघडली, डोळे कापडाला भिडतील इतकं जवळ जाऊन आपली रफू शोधली. सापडेना. बोटांनी चाचपली तेव्हा जागा लागली. बोटांना कळत होतं, उभा ताणा कुठे धरला, आडवा बाणा कुठे भरला. डोळ्यांना काही म्हणता काही दिसत नव्हतं. त्यांच्यापुरती ती रफू अजूनही बिनचूक होती. यजमान असते तर म्हणाले असते, शोधा आता.

झडप लावून त्या बाहेर आल्या.

संध्याकाळी सूनबाई बाळाला मांडीवर घेऊन पाजत होती. मुलगा गाडीवर ड्रायव्हर, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस घरात या दोघी आणि बाळ एवढेच असायचे. काकूंनी पिशवीतून उरलेल्या धाग्याची गुंडी काढली आणि तिच्यापुढे धरली.

“रंग कोणता हा?”

“का?”

“विचारलं ते सांग.”

“जांभळा,” सूनबाई म्हणाली. मग तिनं वर बघितलं. सासूबाईंचा हात अजून तसाच पुढे होता. “म्हणजे... निळसर जांभळा. दिव्यात नीट कळत नाही.”

“कळतंय तुला. आता सारवासारव नको.”

बाळ दचकून सुटलं आणि रडायला लागलं. सूनबाईनं त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं. “मी म्हणत होते ना डोळे दाखवा म्हणून. गेल्या दिवाळीत चष्मेवाल्यानं पण सांगितलं होतं, त्यानं दुकान बंद करायच्या आधी. तुम्ही म्हणालात, सुईत दोरा ओवता येतोय मला, डोळ्यांना काय धाड भरलीये.”

“दोरा मी झोपेतही ओवीन. तो डोळ्यांनी ओवतंय कोण?”

“मोतीबिंदूच असेल. काढतात हल्ली. शेजारच्या आजी दुसऱ्या दिवशी भाजी निवडत होत्या.”

“आणि वर्षभर जे करून ठेवलंय ते?”

सूनबाईनं बाळाची पाठ चोळत थोडा विचार केला. ती हिशेबी नव्हती, पण घर चालवणारी होती. “आई, एक बोलू? ताई खूश आहेत ना? त्यांना हवं होतं तेच झालंय. तुम्ही हट्टानं केलं काय आणि डोळ्यांनी दगा दिला काय, पडदे तर त्यांच्या मनासारखे झाले. गप्प राहा. गुपचूप डोळे करून घ्या, आणि चंदवा घ्या. कुणाचं काय बिघडलं?”

काकूंनी बाळाला मागून घेतलं. ते खांद्यावर झोपेपर्यंत खोलीत फेऱ्या घालत राहिल्या. सूनबाईचं चूक होतं असं त्यांना वाटत नव्हतं. मंडळींसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, हो, मी मुद्दाम वेगळी छटा घेतली. चार वाक्यं. पुढे चंदवा. पानाआडचे पक्षी. नाही म्हणायला त्यांच्या ओठांवर ती वाक्यं जुळूनही आली होती. पण चार वाक्यांनंतर कुणीतरी विचारणार, कशी निवडलीत हो छटा? मग त्या काय सांगणार होत्या? बाकावर बसून, बोटावर तंतू ठेवून, ज्या ध्यासानं त्यांनी तो रंग शोधला होता, तो ध्यास त्यांना अगदी उलटा करून सांगावा लागणार होता. ते काही त्यांच्या तोंडून निघालं नसतं.

सकाळी ताई धुलाईघरात मोठं टेबल रिकामं करून घेत होत्या. चंदव्यासाठी.

“ते पडदे मी मुद्दाम तसे केले नाहीत,” काकू दारातूनच म्हणाल्या.

“कसे?”

“जांभळे. मला तो निळाच दिसत होता. अजून दिसतो. तुमचं मी ऐकलं नव्हतं. तुम्हाला सापडूच नये असं करायला बसले होते.”

ताईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. त्या चिडतील असं काकूंना वाटलं होतं. निदान रागावल्या असत्या तरी बरं झालं असतं. त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली. काकू बसल्या नाहीत.

“उसवून देते सगळं. डोळे झाले की पुन्हा भरते, फुकट.”

“उसवता यायचं नाही, काकू. रेशीम जुनं आहे. परत सुई घातली तर चाळण होईल त्याची.”

“म्हणजे ते तसंच राहणार.”

“तसंच.”

बाहेर कुणीतरी ढकलगाडीतून खडी नेत होतं.

“ऑपरेशन करून घ्या,” ताई म्हणाल्या. “महिना-दीड महिना. चंदवा थांबेल.”

“घर उघडायची तारीख थांबेल का?”

तारीख ठरली होती, बोलावणी गेली होती.

“त्या चंदव्यात हिरव्याच्या किती तऱ्हा आहेत मला माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “मी पाहिलाय. म्हणजे, पाहिलाय असं मला वाटतंय. दुसरं कुणी बघा. हात बरे असलेलं आणि डोळेही.”

“आणि मंडळींना काय सांगू मी? घर बघायला येणाऱ्यांना?”

“जे आहे ते. तुमचंच म्हणणं ना, नाहीतर ती फसवणूक होते.”

“तुमचं नाव सांगू?”

“नाव कशाला? रफू करणारी म्हणा.”

चंदवा शहरातून आलेल्या दोन बायकांनी केला. काकूंचा एक डोळा आधी झाला, मग दुसरा. पट्टी काढली त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा बाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, अगं बाई, हा तर गोरा आहे. सूनबाई म्हणाली, जन्मल्यापासून सांगतेय. मग त्यांनी सूनबाईच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली आणि दुपारी बाळाला आपल्याकडे घेऊन तिला झोपायला पाठवलं.

थोरलं घर उघडलं त्या दिवशी ताईंनी बोलावलं होतं, तेव्हा काकू गेल्या नाहीत. पुढे बऱ्याच दिवसांनी, इतर लोकांसारखं फाटकाशी रांग लावून, सूनबाई आणि बाळाला घेऊन गेल्या. फुलांचा हंगाम संपला होता. खिडक्यांखालचे दोन्ही पट्टे उकरून मोकळे केलेले होते, आणि त्यात नुसती काळी माती होती. माळी लांबवर कुंपण कातरत होता. त्यानं हात हलवला आणि वाफ्याकडे बोट करून ओरडला, “आता पुढच्या वर्षी, वहिनी.”

घर दाखवणारी मुलगी नवी होती. ती काकूंना ओळखत नव्हती. “कशालाही हात लावायचा नाही,” ती प्रत्येक खोलीच्या दारात सांगत होती. “सोपं जावं म्हणून सगळ्यांनी हात पाठीमागे धरा.” मोठी माणसं शाळेतल्या मुलांसारखे हात मागे बांधून आत शिरत होती.

निळ्या खोलीत घोळका खिडकीपाशी गेला. काकू मागे राहिल्या.

“आता हे बघा,” मुलगी म्हणाली. “पडदा निळा आहे आणि दुरुस्तीचा धागा जांभळा. कारण, रफू करणाऱ्या बाईंना मोतीबिंदू होता. त्यांना तो निळाच दिसत होता. त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.”

लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते, आपल्या घरातल्या कुणा म्हातारीची गोष्ट ऐकून हसावं तसं. सूनबाईनं चटकन काकूंकडे पाहिलं. काकूही हसत होत्या.

“सांगू का त्यांना?” सूनबाई पुटपुटली.

“तू बाळाला सांभाळ. झालर ओढेल तो.”

घोळका पुढच्या खोलीकडे सरकला, तशा काकू खिडकीपाशी गेल्या. निळा इतका निळा असतो हे त्या विसरल्याच होत्या. आणि त्या निळ्यातून, पाण्याखालून मुळं जावीत तशा जांभळ्या रेषा गेल्या होत्या, इथे दाट, तिथे विरळ, पार खालच्या काठापर्यंत. वर्षभराचं काम एका नजरेत दिसत होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत बघितलं. वर बघायला मान मागे टाकावी लागली.

“आजी, चला ना,” मुलगी दारातून म्हणाली. “झडपा लावायच्यात मला. उजेडाची वेळ संपली.”

“ताईंना एक निरोप द्या,” काकू म्हणाल्या. “डाव्या पडद्याला, खालून हातभर वर, जुन्या रेशमाचा एक पदर सुटत आलाय. नव्या रफूचा नाही, जुना. आत्ताच धरला तर बरं.”

मुलगी जवळ आली. वाकून बघितलं, डोळे बारीक केले. “कुठे? मला नाही सापडत.”

“थोडं खाली. ते पान आहे ना विणीतलं, त्याच्या देठाशी. हां, तिथेच.”

मुलीला मग दिसलं. तिनं मान डोलावली. एवढं बोट धरून दाखवल्यासारखं सांगताना काकू पुढे झुकल्या होत्या, पण हात त्यांनी पाठीमागेच धरले होते, एकमेकांत घट्ट.